प्रितीचं परदेशगमन

"घर बघायला येतायत ना? मग माझ्यावर सोड," असं कोंडीराम बहिणीला म्हणाला, तेव्हाच कमलाबाईंनी त्याला हात जोडायला हवे होते. अर्ध्या चाळीची लग्नं त्याने जुळवलेली. घर बघायला माणसं आली की काय करायचं, हे साऱ्या चिंचपोकळीत आपल्याइतकं कोणाला कळत नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

पण ही माणसं सोयरिकीसाठी येणार नव्हती. कमलाबाईंची प्रिती पाली आणि प्राचीन ग्रीक शिकलेली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात दोन वर्षांसाठी प्रवेश मिळाला होता, जायला पैसे नव्हते. बाप गेलेला, आई लोकांकडे धुणीभांडी करणारी. फोर्टातला एक ट्रस्ट अशा गरजू मुलांना शिष्यवृत्ती द्यायचा. मुलाखत झाली होती. आता रविवारी ट्रस्टच्या मॅडम घरी येऊन परिस्थिती बघणार आणि मग काय ते ठरणार.

"मामा, काही करू नकोस हं. आहे तसं दिसू दे," प्रितीने बजावलं.

"येडी आहेस काय? पोरीच्या मागे कोणी नाही असं दिसलं तर कोण पैसे देईल?"

ट्रस्ट नेमका अशांनाच पैसे देतो, हे त्याच्या डोक्यात शिरेना. रविवारी प्रिती स्टेशनवरून मॅडमना आणायला गेली, तेवढ्यात त्याने शेजारचा सोफा आत घेतला आणि समोरच्यांचा मोठा टीव्ही मांडला. खाली राकेशभाऊला तर फ्लेक्सचं कालच सांगून ठेवलं होतं. राकेश यंदा महापालिकेला उभा राहणार होता, त्यामुळे कुणाचं बारसं असलं तरी स्वखर्चाने फ्लेक्स लावायचा.

फ्लेक्स लागला तो दोन मजली. कोपऱ्यात प्रिती, मधोमध हात जोडलेला राकेश आणि खाली ठळक अक्षरांत, 'कु. प्रिती हिच्या परदेशी शिक्षणाचा संपूर्ण खर्च राकेशभाऊ मित्रमंडळातर्फे'. हे वाक्य कोंडीरामने सांगितलं नव्हतं. पण वाचून त्याची छाती फुगली.

मॅडम फ्लेक्सखाली थबकल्या. प्रितीचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, हे खोटं आहे. कोणी काही दिलेलं नाही."

राकेश बुके घेऊन समोरच उभा, मागे अख्खी चाळ मोबाइल वर करून. मॅडमनी त्यालाच विचारलं, "हा खर्च तुम्ही खरंच करणार आहात?"

एवढ्या मतदारांसमोर नाही कोण म्हणेल! "शब्द दिला म्हणजे दिला, मॅडम. पोरगी आपलीच आहे."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी कोंडीरामची.

वर प्रिती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. मॅडमनी सोफा पाहिला, टीव्ही पाहिला, चहा संपवला. "अगं, चांगलंच झालं की. आमच्याकडे एकच जागा आहे आणि धुळ्याची एक मुलगी आहे, तिला तर खरंच कोणी नाही," असं म्हणून त्या मोकळ्या मनाने निघून गेल्या.

"इलेक्शन होऊ दे मामा, मग बघू," पैशांचं विचारल्यावर राकेश म्हणाला. तेव्हा कुठे कोंडीरामचे डोळे उघडले. फोर्टात जाऊन तो मॅडमच्या टेबलासमोर रडला. पण जागा धुळ्याला गेली होती, ती परत कशी येणार? कमलाबाई भावाशी बोलेनाशा झाल्या. चाळीला मात्र खरं सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

आणि विमानाची तारीख तर त्यानेच दारोदार सांगितली होती.

त्या दिवशी सकाळी चाळ खाली उतरली. हार आले, लाडवांचे डबे आले. राकेश बेंजोवाले आणि फोटोग्राफर घेऊन आला. कमलाबाई ओक्साबोक्शी रडत होत्या आणि बायका त्यांची समजूत काढत होत्या, "अगं, शिकायला चाललीय. दोन वर्षं हां हां म्हणता जातील."

कोंडीराम जिन्यातच बसून राहिला. प्रितीने त्याच्याकडे पाहिलं, आत जाऊन बॅगेत हाताला लागले ते कपडे कोंबले आणि खाली येऊन मुकाट्याने हार घालून घेतले. टॅक्सीचं दार उघडून म्हणाली, "चल मामा, बस."

दादरला तिने टॅक्सी थांबवली. दोघं फुटपाथवर उतरली. कोंडीरामला तिच्याकडे बघवेना. तिने गळ्यातले हार काढून बॅगेवर ठेवले.

"मामा, आता मी घरी कधी जायचं?"

दोन वर्षांच्या आत तरी नाही, एवढं कोंडीरामलाही कळत होतं.