लांजेवार भाऊजींचे खड्डे

लांजेवार भाऊजी माझ्याशी पहिल्यांदा बोलले, ते माझ्या नाकाशी बोलले. मी नवी नवरी, जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात येऊन आठवडाही झाला नव्हता. शेजारचे म्हणून ते चहाला आले, खुर्चीत टेकले आणि मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिले की मी उगाच पदर सारखा केला. मग म्हणाले, "कुंदाबाई, तुमच्या नाकाच्या डाव्या बाजूले एक बारीक खड्डा हाये. लहानपणी फोड आला होता का?"

मी म्हटलं, "हो."

"काहून फोडला मंग?"

एवढं विचारून त्यांनी चहा संपवला आणि उठून गेले. मी नवऱ्याला विचारलं, हा माणूस वेडा आहे का? नवरा म्हणाला, "नाही गं, चित्रं काढतात ते." माझी शंका काही फिटली नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. भाऊजी फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर तिथे पट्टी लावून सरळ रेघा ओढायच्या, आणि भोंगा झाला की सायकल मारत घरी येऊन व्हरांड्यात माणसांची तोंडं काढायची. नुसत्या पेन्सिलीने. पण कशी! दाढीचे खुंट इतके खरे की लोक हळूच कागदावरून बोट फिरवून बघत. भाऊजी लगेच ओरडत, "हात नका लावू! बोटाले तेल असते!"

त्यांच्या सामानाची मला फार गंमत वाटायची. पेन्सिली दाढीच्या ब्लेडने तासून शिसं बोटाच्या पेरापेक्षा लांब काढलेलं, आणि टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलेलं. कपाळाला कडक पेन्सिल, गालाला मऊ, बुबुळाला सगळ्यांत काळी. सावली सारखी करायला कागदाच्या घट्ट सुरळ्या. तळहाताखाली धुतलेला रुमाल, कारण आपला मे महिना आणि आपला घाम. पांढरा केस तर ते काढतच नसत. गोधडीच्या बोथट सुईने कोऱ्या कागदावर नुसती दाबून रेघ ओढत. तेव्हा काही दिसत नसे. मग वरून पेन्सिल फिरवली की दबलेल्या रेघेत शिसं शिरायचं नाही आणि पांढरा केस आपोआप वर यायचा. त्यांनी माझं चित्र काढलं त्यात असाच एक आला, पंचविशीसुद्धा गाठली नव्हती मी! आणि खोडायला रबर नाही, पावाचा मऊ गर मळून त्याची गोळी. सुभद्राताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लोकाइच्या घरी पाव खायले आणते. आमच्या घरी पुसायले येते."

"जसं हाये तसं," हे भाऊजींचं ब्रीदवाक्य. भाजीवाल्याशी भाव करताना, मुलीचं प्रगतिपुस्तक बघताना, चित्र काढताना, सगळीकडे तेच. आमच्या कॉलनीतल्या बांतेसाहेबांनी रिटायरमेंटसाठी म्हणून मोठ्या हौसेने स्वतःचं चित्र काढून घेतलं. चित्र बघून त्यांचा चेहरा उतरला. गालावरचा मस होता, मसावरचा केस होता आणि केसाची सावलीसुद्धा होती.

"लांजेवार, हा मस तेवढा काढून टाका ना."

"तुमी काढून या साहेब. मंग मी पुसतो."

बांतेसाहेब वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मीही माझं चित्र ट्रंकेच्या तळाशी घातलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस. पुढे पुढे कॉलनीत कोणी चित्र काढायला सांगेनासं झालं. भाऊजींना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी माणसं सोडली आणि खड्डे धरले.

हो, खड्डे. संत्र्याच्या सालीवर असतात ते. एक संत्रं घेऊन ते बसले, तर ते वाळून सुपारीएवढं होईपर्यंत उठले नाहीत. मग टाकीवालीने छिन्नीने नुकताच टोचून दिलेला पाटा आणून उन्हात ठेवला आणि त्याचं चित्र काढलं. ताई शेजारी माझ्याकडे चटणी वाटायला आल्या, कारण घरचा पाटा "बसला" होता. भाऊजींनी त्याला हलवू नका म्हणून बजावलं होतं.

त्या दिवाळीत मी पहिल्यांदाच अनारसे केले होते. ताट त्यांच्याकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून भाऊजींनी हाक मारली, "कुंदाबाई, अनारशाले जाळी काय झकास पडली हो! असे अनारसे जिंदगीत नाही पाहले!"

मी फुलले. म्हटलं, "गोड बरोबर झालेत ना?"

"कोणाले माहीत? खाल्ले कोणी?"

माझे अनारसे खिडकीत मांडून त्यांचं चित्र चाललं होतं. शेवटी मुंग्यांनी खाल्ले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी भरभरून बोलले. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला पेन्सिल दाखवत समजावलं, "खड्डा काढाचा नसते, कुंदाबाई. त्याची सावली काढाची असते. ज्या बाजूनं उजेड येते, ती कड काळी पडते. समोरच्या कडेवर उजेड पडते. हे उलटं झालं, का खड्ड्याचा फोड होते. मंग सारं संपलं." 'सारं संपलं' हे त्यांनी इतकं गंभीरपणे म्हटलं की मी हसून घेतलं. एका अनारशापायी माणसाने इतकं मनाला लावून घ्यावं!

आता ताईंबद्दल सांगते. सुभद्राताई कोंढ्याच्या. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण चेहराभर वण राहिले, कपाळावर, गालांवर, हनुवटीपर्यंत. बोलायला इतकी गोड बाई मी पाहिली नाही, पण पदर सदा डोक्यावरून पुढे ओढलेला, आणि बोलताना तोंड अर्धं भिंतीकडे. हळदीकुंकवाला येऊन कोपऱ्यात बसायच्या. कॉलनीत कुणाकडे फोटोवाला आला की ताईंना स्वयंपाकघरात हमखास काम निघायचं. ज्या घरात एवढी तोंडं काढली गेली, त्या घरात ताईंचं चित्र नव्हतं, की फोटो नव्हता.

त्यांची एकुलती एक मुलगी शालू. तिचं लग्न सिहोऱ्याच्या एका शेतकरी घरात ठरलं. आनंदीआनंद झाला, आणि मग एके दुपारी माझ्यासमोरच शालू रडायला लागली. तिला सासरी आईचा फोटो न्यायचा होता.

"माहा काय फोटो नेतं?" ताई म्हणाल्या. "बाबाचा ने."

"बाबाचा काहून? मले तुहा पाह्यजे. धानाच्या रोवण्यात महिना-महिना कोणी माहेरी पाठवणार नाही. मी काय पाहू तिथं?"

"आरसा पाह्य. तुह्यात मीच हावो, पण बिना खड्ड्याची." ताई हसत म्हणाल्या, पण तेवढं बोलून उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

ताईंचं लग्न नवं होतं. ताई दुपारच्या झोपल्या होत्या आणि भाऊजींनी चोरून त्यांचं चित्र काढलं. हात अजून बसलेला नव्हता, घाईत उजेडाची बाजू चुकली, आणि चेहऱ्यावरचे सगळे वण उलटे होऊन फुगून वर आले. ताई जाग्या झाल्या आणि कागदावर त्यांना दिसली ती देवी आलेली पोर. निंबाच्या पाल्यावर निजवलेली, अंगभर फोड, आणि दाराबाहेर रडणारी माय.

"मी तो कागद चुलीत घातला, कुंदा. म्हटलं, पुन्हा मले काढाल तर माहेरी जाईन. हे काही बोलले नाही." मग म्हणाल्या, "तसेही दया येऊनच केली त्याइनं मले. नाही तर अशा तोंडाची पोरगी कोण करून घेते? चांगले हायेत. पण दया हाये ते."

मी ऐकत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सुकलेलं संत्रं आलं. तो पाटा आला. मुंग्या लागलेले माझे अनारसे आले. खड्ड्याचा फोड होते, मंग सारं संपलं! मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं हा माणूस फळांवर आणि दगडांवर हात बसवत होता, एका चेहऱ्यासाठी, आणि ताकास तूर लागू दिली नाही. मला भाऊजींबद्दल इतकी माया आली की ते समोर असते तर पुन्हा भांडले असते. मी ताईंना सगळं सांगितलं. ताई चुलीतलं लाकूड मागे ओढून भिंतीला टेकल्या.

मग म्हणाल्या, "बसीन म्हणा त्याइले. पण आतल्या खोलीत. दार लावून. कुंदा माह्याजवळ बसन. आणि वंगाळ झालं तर चुलीत घालीन."

रविवारी सकाळी आतल्या खोलीतल्या खिडकीशी ताईंना खुर्ची दिली. ताईंनी आधी डोळे मिटले आणि मग पदर मागे केला, दात काढून घ्यायला बसल्यासारखं. भाऊजी समोर बसले. बांतेसाहेबांना न भ्यायलेला हा माणूस, पण त्या दिवशी त्यांचं शिसं दोनदा मोडलं. रुमाल भिजला म्हणून मी दुसरा आणून दिला.

बरेच रविवार गेले. एकदा ताई मान न हलवता म्हणाल्या, "एक पुसू का?"

"हूं."

"मले पाहायले आले होते कोंढ्याले, तवा काय पाहलं होतं?"

भाऊजींची पेन्सिल चालत राहिली. म्हणाले, "उजेड."

"कायचा उजेड?"

"तुह्या बापाच्या घरी अशीच खिडकी होती. उजेड येऊन राहिला होता गालावर. गुळगुळीत गालावरून उजेड घसरून जाते, शालूची माय. तुह्या गालावर थांबला होता. जागोजागी थांबला होता. मले वाटलं, हे आपल्याले जलमभर पाहायले भेटलं पाह्यजे."

ताईंच्या गालावरून पाणी ओघळलं. मी पदराचं टोक पुढे केलं, तर भाऊजी खेकसले, "पुसू नका! गाल लाल होते!"

ताई रडता रडता हसल्या. "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"तुह्या बापासमोर?"

शालूच्या लग्नाला थोडेच दिवस राहिले होते, भाऊजी रजेवर होते, तेव्हा चित्र पुरं झालं. भाऊजींनी कागद ताईंच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शालू दारात, मी ताईंच्या मागे. चित्रात ताईच होत्या. एकही वण लपवलेला नव्हता, आणि सगळे वण आत दबलेले, आपापल्या जागी, प्रत्येकाच्या कडेला खिडकीतला उजेड धरलेला. कानशिलावरचे दोन-चार पांढरे केससुद्धा आले होते. मला रडू आवरेना. ताई मात्र कागद डोळ्यांजवळ नेऊन बारकाईने बघत होत्या. एक बोट गालावर, एक कागदावर. मला धडकीच भरली. चूल पेटलेली होती.

"अहो," ताई म्हणाल्या.

भाऊजी वळलेच नाहीत. "काय?"

"एक राहिला."

"काय राहिला?"

"हा. कानाच्या पाळीखालचा. हा नाही काढला तुमी."

भाऊजी झटकन वळले, चष्मा कपाळावर नेला, चित्र पाहिलं, ताईंचा कान पाहिला. खरंच राहिला होता. त्यांचं तोंड अगदी एवढंसं झालं. "इतके वर्षं पाहून राहिलो," ते पुटपुटले, "कसा सुटला बाप्पा!"

"जसं हाये तसं म्हणता ना?" ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असा तोरा मी आधी कधी ऐकला नव्हता. "मंग काढा. अर्धवट चित्र नाही पाठवणार मी पोरीसंगं."

"आता खिडकीत ऊन नाही. उद्या सकाळी..."

"उद्या कायले? भाईर हाये ना."

आणि ताईंनी स्वतः खुर्ची उचलली. आतल्या खोलीतून, बैठकीतून, थेट बाहेर व्हरांड्यात. तिथे त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या, पदर खांद्यावर टाकला आणि कानामागचे केस सारून मान उन्हाकडे केली. भाऊजी पेन्सिल तासत मागोमाग धावले. फॅक्टरी सुटायची वेळ. बसमधून उतरलेली माणसं घराकडे चालली होती. ताईंचा चेहरा असा उघड्यावर कॉलनीने कधी पाहिला नव्हता. लोक बघत होते, दबकत होते, पुढे जात होते. ताई हलल्या नाहीत.

रिटायर झालेले बांतेसाहेब संध्याकाळच्या फेरीला निघाले होते. ते तर फाटकाशीच थबकले. काठीवर रेलून एकदा ताईंकडे, एकदा कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ताई पदर ओढतील.

ताईंनी मान तसूभर न हलवता त्यांना सांगितलं, "बांतेसाहेब, जरा बाजूले सरका जी. उजेड अडवून राहिले तुमी."