पाण्याकाठचा नाकेदार

लिंबाजीकाकांच्या हातात काहीही द्या, ते आधी कानाशी धरून हलवून बघतात. नारळ असेल तर समजू शकतो, नारळ सगळेच हलवतात. काका मिठाईचा पुडा हलवतात, औषधाची डबी हलवतात, लग्नाची पत्रिकासुद्धा हलवतात. माझी मुलगी झाली तेव्हा मी ती कौतुकानं त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी सवयीनं तिला कानाकडं न्यायला सुरुवात केली. आमच्या अम्मीनं घाईघाईनं नात परत घेतली. पुढं कितीतरी दिवस काका आले की अम्मी आधी पोरीला आत न्यायची, मग चहा टाकायची.

तसा दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. काकांनी सगळी नोकरी शहराच्या जकात नाक्यावर काढली. ट्रक आला की पोत्यात सळई खुपसायची आणि ड्रायव्हरला विचारायचं, "आत काय हाय?" तो कांदे म्हणाला, की कांद्याखाली काय हाय ते विचारायचं. पुढं जकात बंद झाली, नाके मोडले, काका रिटायर झाले. प्रश्न तेवढा रिटायर झाला नाही. समोसा समोर आला तरी आत काय हाय. गल्लीतला कुणी हसून रामराम म्हणाला, तर काका घरी येऊन विचार करत बसतात, की ह्या रामरामाच्या आत काय असंल.

मी नासेर. गुलमंडीत आमचं कापडाचं दुकान आहे. काकांचा एकुलता एक मुलगा विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला आणि तिकडचाच झाला. काकू वारल्यापासून काका घरात एकटे असतात. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला, म्हणून विलासनं तिकडून एक सायकल पाठवली. साधीसुधी नव्हे, ग्रॅव्हल बाईक. मुरमाच्या, मातीच्या कच्च्या रस्त्यावर चालवायची सायकल. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, टायर रुंद, आणि वजनाला इतकी हलकी की काकांनी ती उचलून थेट कानाशी नेली. आत काहीतरी डुचमळलं.

झालं. सायकल जोडून द्यायला आलेल्या दुकानदारानं परोपरीनं समजावलं, की काका, ह्या टायरात ट्यूब नसते, दुधासारखं पातळ औषध असतं. काटा घुसला तर ते औषध भोक आपोआप बुजवतं. हे काकांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी बाभळीचा चांगला टणक काटा शोधून आणला, कोऱ्या टायरात खुपसला आणि उपसला. पांढरी पिचकारी सरळ चष्म्यावर आली. मग भोक खरंच बुजलं. काका चष्मा पुसत म्हणाले, "बुजलं व्हय. पण का बुजलं?"

खरा संशय मात्र टायरवर नव्हता, विलासवर होता. पोरानं न मागता एवढी भारी वस्तू का धाडली? काकांनी डोकं चालवलं आणि शोध लावला, की आपल्याला सकाळी घराबाहेर काढायचं आणि मागं घर बघायला गिऱ्हाईक आणायचं, असा हा बेत आहे. फोनवर त्यांनी विलासला तसं तोंडावर विचारलं. विलास म्हणाला, अहो, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. काका म्हणाले, डॉक्टरला तूच पढवलं असशील.

बापलेकांचे फोन सगळे असेच. विलासनं फोन केला की काकांचा पहिला सवाल, आज कशी काय आठवण झाली, काय पाहिजे? आता कुणी किती दिवस ऐकून घेईल? हळूहळू विलासनं त्यांना फोन करणं सोडलं आणि मला करायला लागला. म्हणाला, नासेर, रविवारी तू त्यांच्याबरोबर सायकलवर जात जा, आणि कसे आहेत ते मला कळवत जा. फक्त त्यांना पत्ता लागू देऊ नको, नाहीतर तुझ्याबरोबर यायचंही बंद करतील.

म्हणजे बघा, चोरटा माल न्यायचा, आणि तोही जन्मभर नाक्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत. दोस्तीपायी मी जुन्यातली एक तसलीच सायकल घेतली. दोन्ही सायकली गाडीच्या पाठीमागं बांधायच्या, पैठणला जायचं, धरणाच्या अलीकडं गाडी लावायची आणि पाण्याच्या कडेकडेनं निघायचं, असं सुरू झालं.

रस्ता मोठा छान आहे. सगळा सपाट, चढ नावाला नाही. एका अंगाला जायकवाडीचं पाणी, दुसऱ्या अंगाला बाभळी, आणि पुढं वन खात्यानं लावलेली झाडी. चाकाखाली मुरूम करकरत असतो. थंडीत लांबून आलेले पक्षी पाण्यात उभे असतात. इतक्या निवांत जागी माणूस संशय तरी कशावर घेणार, असं तुम्हाला वाटेल. काकांना सगळीकडं माल सापडतो. बगळा एका पायावर उभा असला, की दुसरा पाय त्यानं का लपवला? मासेमारी करणाऱ्यानं लांबून हात हलवला, की तो कुणाला खूण करतोय? वन खात्यानं "जनावरांपासून सावध" अशी पाटी लावली, की इथं जनावर नक्कीच नाही, दुसरंच काहीतरी आहे जे आपण बघू नये. घराचे सगळे कागद ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून सायकलच्या पिशवीत घेऊन येतात. मागं गिऱ्हाईक आलंच, तर त्याला कागद सापडू नयेत.

मी तरी कसा सुटेन? चालत्या सायकलवर मधेच ब्रेक मारून विचारतात, की नासेर, तू का येतोस रं माझ्यासंगं? मी म्हणतो, पोट कमी करायला. ते माझ्या पोटाकडं बघतात आणि म्हणतात, मग कमी का नाय झालं? ह्याचं कारण एवढंच, की परतताना आम्ही दोघं भजी खातो.

दुकानात परत आलो की कापडाच्या गठ्ठ्यांमागं उभं राहून मी विलासला खबर द्यायचो. सुरुवातीला, मजेत आहेत, एवढीच खबर असायची. मग काकांची तब्येत बिघडायला लागली. पाण्याकाठी बसलो की खोकायचे. कधी गुडघा धरायचे, कधी छाती चोळायचे. मी घाबरून विलासला सांगायचो. तोही घाबरायचा, मला फोनवर फोन करायचा, जेवतात का, झोपतात का, गोळ्या घेतात का. पण दर रविवारी नवं दुखणं ऐकून हळूहळू तो सरावला. फोन कमी झाले.

सरावलो मीही असतो, पण एक गोष्ट मला खटकायला लागली. आठवडाभर गल्लीत काका ठणठणीत असायचे. भाजीवालीशी भांडताना त्यांना एकदासुद्धा खोकला आला नाही. दुखणं यायचं ते फक्त रविवारी, फक्त माझ्यासमोर. काकांच्या संगतीत राहून मलाही संशय घ्यायची सवय लागली असावी.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना पकडलं. काका मागं राहिले होते. एका वळणावर मी बाभळीच्या आड थांबलो आणि बघत राहिलो. काका आले, ताठ बसून, मजेत पायडल मारत, काहीतरी गुणगुणत. मी दिसताच पुढं वाकले आणि खोकायला लागले.

लई संताप आला मला. इतके महिने माझा जीव टांगणीला लागलाय आणि हा म्हातारा नाटक करतोय. मी सायकल आडवी टाकली आणि विचारलं, की काका, हा खोटा खोकला कशासाठी?

काका उतरले. सायकल झाडाला टेकवून पाण्याकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "पहिल्याच रविवारी वळखलं मी. तू विलासला समदं सांगतोस."

मी चाटच पडलो. मग तेव्हाच का नाही पकडलं, असं विचारलं.

"पकडलं असतं तर त्यानं तुला बी फोन करायचं सोडलं असतं. मला करायचं तर कवाच सोडलं. चूक माझीच हाय. त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं की नाक्यावरचंच बाहेर निघतं." मुरमातला एक खडा उचलून ते हातात फिरवत राहिले. "तू सांगायचास, मजेत हाये. मजेत असणाऱ्याचं कोण किती विचारणार? लगेच फोन संपत असंल. खोकला म्हटलं की जरा येळ लागत असंल."

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"मागल्या रविवारी छातीचं सांगितलंस ना त्याला?" काकांनी विचारलं. "काय म्हणला?"

मागच्या रविवारी दुकानात लग्नाच्या बस्त्याची गर्दी होती. मी विलासला नुसता मेसेज टाकला होता, की काका छाती चोळत होते. त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं होतं. एक अंगठा.

"लई घाबरला होता काका," मी म्हटलं. "लगेच निघतो म्हणाला. मीच थांबवलं."

म्हटलं खरं, आणि पुढच्या सवालांची वाट बघत बसलो. कशानं निघणार होता, रजा मिळाली होती का, तू कोण थांबवणारा. काकांनी मान वळवून माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी पाण्याकडं नजर फिरवली.

"बारकेपणापासून तसाच हाय," ते म्हणाले. "माझ्यापायी लई जीव टाकतो."

आणि पुढं काही विचारलं नाही.