अथक सोबती

टेलरबाईंना झोप हवी होती. फार नाही, दुपारची दोन तास, आणि तीही आपल्याच घरी, आपल्याच अंथरुणावर. नवऱ्याचं पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. नवरा लिफ्टची दुरुस्ती करणारा. आयुष्यभर दुसऱ्यांना सुखरूप वरखाली पोहोचवलं, पण आता स्वतः खाटेवरून उठला की तोल जायचा. उलटी कधी होईल याचा नेम नसायचा आणि सांगून उठण्याचा तर त्याचा स्वभावच नव्हता. म्हणून कोणीतरी शेजारी डोळे उघडे ठेवून बसायला हवं होतं, आणि हे काम बाई रात्रंदिवस एकट्याच करत होत्या. परवा त्यांनी एका शर्टाला बाही उलटी लावली. काल नवऱ्याला एकच गोळी दोनदा देता देता राहिल्या. बाही उसवता येते, पण पोटात गेलेली गोळी परत काढता येत नाही.

त्यांच्या विभागात कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी झटणारी एक संस्था होती. झटण्याचं काम दुसऱ्या मजल्यावर, मऊ खुर्च्यांमध्ये बसून चालायचं. भिंतीवर उगवत्या सूर्याची सात-आठ चित्रं होती आणि प्रत्येक टेबलावर डोळे पुसायला कागदी रुमालांचा डबा. बाई गेल्या तेव्हा समन्वयिकेने तो डबा लगेच त्यांच्यापुढे सरकवला.

"काकू, मोकळेपणाने बोला. तुमची भावनिक गरज काय आहे?"

"झोप."

समन्वयिका जरा अडखळली. "झोप ही शारीरिक गरज झाली, काकू. आमच्याकडे भावनिक आहेत. एकटेपणा आहे, चिंता आहे, अपराधी वाटणं आहे. यातलं काही?"

"दुपारी कोणी ह्यांच्याजवळ दोन तास बसलं, तर मी झोपेन. बाकीचं मग बघू."

"म्हणजे थकवा!" समन्वयिकेचा चेहरा उजळला. "थकव्यावर आपली कार्यशाळा आहे. दर बुधवारी, दुपारी."

"तेव्हा ह्यांच्याजवळ कोण बसणार?"

"म्हणूनच फारसं कोणी येत नाही," समन्वयिका खेदाने म्हणाली. "लोकांमध्ये अजून जागृती नाही."

बाईंना उठवेना. खुर्ची खरंच फार मऊ होती. तेवढ्यावरून त्यांची केस गंभीर ठरली आणि गृहभेट मंजूर झाली.

गृहभेटीला तीन स्वयंसेवक आले. तिघांच्या छातीवर 'मी ऐकतो' असा बिल्ला होता. बाईंनी शिलाई मशीनवरचे कपडे उचलून बसायला जागा केली, चहा केला, बिनसाखरेचा एक वेगळा केला. तिघांनी मिळून एक आशावादी गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला लिफ्टवाल्याला उलटी झाली. तिघेही अदबीने मागे सरकले आणि बाईंनी भांडं धरलं.

"गाण्यामुळे नाही हो," लिफ्टवाला तोंड पुसत म्हणाला. "पण तिसरं कडवं राहू द्या."

बाईंनी धीर केला. "तुमच्यातलं एक जण तासभर थांबेल का? मी आतच पडते. हाक मारली की उठेन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमचं प्रशिक्षण ऐकण्याचं झालंय," त्यांच्यातला ज्येष्ठ म्हणाला. "बसण्याचं नाही झालेलं."

"आत्ता बसलाच आहात की!"

"हे ऐकण्यासाठी बसलोय. नुसतं बसणं वेगळं. त्यात जबाबदारी येते."

मग त्यांनी खरोखरच मन लावून ऐकलं. किती महिने झोप नाही, बाही कशी उलटी लागली, गोळीचं काय झालं, सगळं ऐकलं. एकाचे डोळे भरून आले. जाताना त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?" घरी आलेल्या माणसाला काय सांगणार? बाई म्हणाल्या, "छान वाटलं." इथेच त्यांचं चुकलं.

पुढच्याच आठवड्यात संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. "वहिनी, अभिनंदन! यंदाचा 'अथक सोबती' पुरस्कार तुम्हाला! इतके महिने न झोपणारं आमच्या विभागात दुसरं कोणी नाही. आणखी एक बाई होत्या, पण त्यांची बहीण राहायला आली. बाद झाल्या बिचाऱ्या."

"पण ह्यांना सोडून मी येणार कशी?"

"त्याची काळजीच नको. आमचा माणूस येऊन बसेल, आणि तुम्हाला न्यायला गाडी येईल."

आणि खरंच आला! चांगला दणकट, शांत माणूस. आल्या आल्या त्याने भांडं कुठे, गोळ्या कुठल्या हे विचारून घेतलं आणि खाटेशेजारी बसला. लिफ्टवाल्याने बाईंना डोळा घातला. "झोप आता, गाडी आली तर मी सांगतो, बायको पळून गेली."

गाडी दारात उभीच होती. बाईंनी जिन्यात, न्यायला आलेल्या समन्वयिकेला विचारलं, "हे गृहस्थ उद्याही येतील का?"

"ते कार्यक्रम विभागाचे, काकू. फक्त पुरस्कार घ्यायला जाणाऱ्यांच्या घरी बसतात."

सभागृह गच्च भरलं होतं. निःस्वार्थ सेवेवर अध्यक्ष इतकं बोलले की बाई स्वतःला चिमटे काढत राहिल्या. मग माईक त्यांच्या हातात आला.

"मला फार झोप येते हो," बाई म्हणाल्या. "ह्यांना चुकून दुप्पट गोळी देणार होते मी. भीती वाटते. उद्या दुपारी तुमच्यापैकी कोणी दोन तास येऊन बसाल का? बाजारामागेच राहते मी. चहा करून ठेवीन."

मग पुढच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. टाळ्या वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे कोणालाच हात वर करता आला नाही.

नंतर बाईंना भेटायला रांग लागली. "किती मनापासून बोललात!" "रडवलंत हो!" जो तो त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणत होता, "काही लागलं तर हक्काने सांगा हं!" आपणही होतो त्या रांगेत. आपली पाळी आली तेव्हा आपणही तेच म्हणालो, जरा जास्तच कळवळून. मग कार्यक्रम सुंदर झाला म्हणत घरी आलो, आणि सकाळपर्यंत गाढ झोपलो.