बिजलीबाईंना चूलबंद नेवतं

सत्कार कसा करावा हे शिकायचं असेल तर माणसाने माझ्याकडे यावं, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगत असे. तेव्हा म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, आणि तेही फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंतच. त्यानंतर हे वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं असेल, तर बायकोची, प्रमिलेची शपथ!

जळगावात माझं विहिरीवरच्या मोटारींचं दुकान होतं आणि आमच्या सेवादीप क्लबचा मी चिटणीस होतो. क्लब म्हणजे काय, तर महिन्यातून दोनदा जमायचं, बिस्किटं खायची, वर्षातून एकदा डोळे तपासायचं शिबिर घ्यायचं आणि उरलेला वेळ एकमेकांच्या गळ्यात हार घालायचे. घालून घालून आमचे आम्हालाच हार जड झाले होते. म्हणून दालमिलवाले रुपचंदशेठ अध्यक्ष झाले तेव्हा मीच सुचवलं, की यंदा गोरगरिबांसाठी खरोखर झिजलेलं माणूस शोधू आणि त्याचा सत्कार करू. नाशिकहून आमचे प्रांतपाल, म्हणजे सगळ्या क्लबांचे वरचे साहेब, येणार होते. रुपचंदशेठनी मला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, की कार्यक्रम दणक्यात झाला तर पुढच्या वर्षी अध्यक्षाची खुर्ची तुझी. मी तसाच लोटन टेलरकडे गेलो आणि खुर्चीला शोभेल असा करड्या रंगाचा सफारी शिवायला टाकला.

माणूस सापडलं यावल तालुक्यात. सातपुड्याच्या पायथ्याला केळीच्या बागा आहेत, तिथे डोंगरातली माणसं घड कापायला उतरायची. बागांच्या कडेला त्यांची वस्ती होती, आणि वस्तीत बिजलीबाई. नवरा गेल्यावर या बाईने काय काय केलं! बागाईतदारांशी भांडून बायकांची मजुरी पुरुषांइतकी करून घेतली. तापाने फणफणलेल्यांना पाठीवर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत नेलं. म्हातारे, बाळंतिणी, ज्यांना कोणी नाही अशी पोरं, सगळ्यांना जेवू घातलं. पेपरात तिच्याबद्दल बारीक अक्षरात चार ओळी आल्या होत्या. त्या चार ओळींवरून मी अडीच पानांचं मानपत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य तर मला फारच साधलं होतं: 'ज्यांच्या एका चुलीवर दीडशे जणांची भाकर भाजली जाते, अशा आपण साक्षात अन्नपूर्णा.' प्रमिलेला मी ते चारदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा वाचलं तेव्हा ती घोरत होती.

नेवतं द्यायला मी स्वतः गेलो. पोस्टाने कार्ड धाडून मोकळं होणाऱ्यांतले आम्ही नव्हे. राजदूत मोटारसायकलवर बसून भर दुपारी वस्तीवर पोचलो, तर सगळी माणसं बागांमध्ये कामाला गेलेली. एका मोठ्या छपरात बिजलीबाई आणि त्यांची सहा-सात वर्षांची नात, दोघीच. छपरात लांबलचक चूल होती, तिला चार तोंडं. शेजारी परात, तीही एवढी, की आमची धाकटी तिच्यात मांडी घालून बसली असती. मला वाटलं, बाईंना स्वयंपाकाची हौस दिसते.

मी अर्धा तास बोललो. सेवा, समर्पण, सामाजिक बांधिलकी, सगळं सांगून झालं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, गुळाचा काळा चहा हातात दिला आणि एवढंच विचारलं, की जेवण शे का? मी म्हटलं, आहे म्हणजे काय, पक्वान्नाचं आहे. तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ, नेवतं एकलीले शे, का चूलबंद?"

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या खान्देशात एकट्याचं नेवतं असेल तर घरातलं एक माणूस जेवायला जातं. चूलबंद म्हटलं, की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. लहानथोर, पाहुणारावळा, जो जो त्या चुलीवरचं खातो तो येतो. मी अस्सल खान्देशी माणूस, मला रीत कोण शिकवणार? मनात हिशेब केला, आजी एक आणि नात एक, दोन पानं. क्लबला काय जड आहे? मी ऐटीत हात हलवला आणि म्हणालो, "अक्का, चूलबंद!"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पुन्हा विचारलं, नक्की ना? मी पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं, नक्की. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत शहरातून असं नेवतं कोणी आणलं नव्हतं. मलाही भरून आलं. केळीच्या बागांमधून परत येताना मी राजदूतवर चक्क गाणं म्हणत होतो.

रविवार उजाडला. दाणाबाजाराजवळचं मंगल कार्यालय घेतलं होतं. जेवणाला 'बुफे' होता. जळगावला तेव्हा तो नवीनच होता, आणि माणसांनी ताटं हातात धरून उभ्याने का जेवायचं, हे आमचा वना आचारी सकाळपासून जो भेटेल त्याला विचारत होता. पंचाहत्तर माणसांचा स्वयंपाक सांगितला होता. मी नवा सफारी घालून फाटकाशी उभा. प्रांतपाल आले, त्यांना गुलाब दिला, सगळं कसं घड्याळाच्या ठोक्यावर चाललं होतं.

साडेअकराला लांबून ढोल ऐकू आला. मग रस्त्याच्या वळणावर केळीचा एक ट्रक दिसला, त्याच्यामागे दुसरा. दोन्ही माणसांनी गच्च भरलेले. ट्रक आमच्याच दारात थांबले आणि माणसं उतरायला लागली. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, ढोलवाले. उतरतायत तरी किती! आणि प्रत्येकाच्या हातात एकेक थाळी.

रुपचंदशेठचा चेहरा पांढरा पडला. ते सांगायला लागले, की हा थाळीमोर्चा आहे, महागाईविरुद्ध आहे, डाळीच्या भावावरूनच असणार आणि माझ्यावरच आलाय. त्यांनी रखवालदाराला फाटक लावायला लावलं. तिकडे प्रांतपालांचा वेगळाच समज झाला. ढोल आपल्या स्वागताला आलाय असं धरून ते हात जोडून, मान लववून फाटकाच्या आत उभे राहिले. बाहेरच्या लोकांनीही बिचाऱ्यांनी त्यांना नमस्कार केला.

मला मात्र त्या थाळ्या बघताच सगळं कळलं. आमच्या खेड्यांत गावजेवणाला आपापली थाळी-तांब्या घेऊन जायची रीत आहे. चार तोंडांची चूल डोळ्यांसमोर आली. परात आली. आणि मानपत्रातलं ते माझं साधलेलं वाक्य आलं.

मी रुपचंदशेठना खरं काय ते सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, की बाईंना तेवढं आत घे, बाकीच्यांना दोन-दोन केळी वाटून परत पाठव. हे नीट निस्तरलंस तर खुर्ची तुझी, नाहीतर विसर. रोज पहाटेपासून केळीचे घड वाहणारी माणसं, आणि त्यांना आम्ही केळी वाटणार होतो!

खोटं कशाला बोलू, मी फाटकाकडे निघालो तो तेच सांगायला निघालो होतो. खुर्ची डोळ्यांसमोर होती. फाटकापलीकडे बिजलीबाई उभ्या होत्या, धुतलेलं लुगडं नेसून, हातात स्वतःची थाळी, दुसऱ्या हाताला नात. माझ्याकडे बघून त्या हसल्या. म्हणाल्या, "बठ्ठी चूल उनी, भाऊ. कालदिन संध्याकायपासून आमनी चूल बंद शे."

सगळी चूल आली होती, तीही काल संध्याकाळपासून बंद ठेवून! माझ्या शब्दावर दीडशे माणसं काल रात्रीपासून उपाशी होती. पक्वान्न खायचं म्हणून पोरांनी सकाळची भाकरसुद्धा मागितली नव्हती. मी कडी काढली आणि फाटक उघडलं. मागे रुपचंदशेठ काहीतरी ओरडले, ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकून सोडून दिलं.

वना आचाऱ्याने गर्दी बघितली आणि तो पिठाच्या डब्यावर मटकन बसला. पुढे काय, हे मला तरी कुठे माहीत होतं? तेव्हा आमची प्रमिला पुढे झाली. रुपचंदशेठसमोर उभी राहून तिने विचारलं, "शेठ, दालमिलवाल्याच्या दारातून माणसं उपाशी गेली, तर उद्या बाजारात तोंड कसं दाखवाल?"

शेठ माझ्यावर डोळे वटारून होते, पण होते खान्देशी. त्यांनी रविवारी मिल उघडायला लावली. तुरीच्या डाळीचं पोतं आलं, जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ आलं, बाजारातून वांगी आली. वरण-बट्टी करायची ठरली. पण करणार कोण?

बिजलीबाई मंचावर जाऊन बसल्या होत्या, गळ्यात हार होता. मागच्या अंगणात काय गडबड चालली आहे ते त्यांना खिडकीतून दिसलं. त्यांनी हार काढला, माइकला अडकवला आणि पदर खोचून खाली उतरल्या. मी आडवा गेलो, म्हटलं, अक्का, आज तुमचा सत्कार आहे. त्या म्हणाल्या, "मना सत्कार नंतर. पहिले यासले वाढा."

पुढचे दोन तास त्या अंगणात जे चाललं होतं, ते आठवलं की मला आजही हसू येतं. वस्तीतल्या बायांनी दगडांच्या चुली मांडल्या, गोवऱ्या पेटवल्या. क्लबमधल्या बायका जरीच्या साड्या गुडघ्यापर्यंत खोचून बट्ट्यांचे गोळे करत होत्या, आणि बिजलीबाई त्यांचा एकेक गोळा पुन्हा मोडून नीट करत होत्या. एका म्हातारीने प्रांतपालांच्या पुढ्यात लसणाची परडी ठेवली. हे कोण, तिला काय माहीत? रिकामे दिसले, म्हणून ठेवली. साहेबांनी सगळा लसूण सोलला. नाशिकला परत जाईपर्यंत ते आपली बोटं हुंगत होते म्हणे.

बुफे तिथल्या तिथे मोडला. सतरंज्या घातल्या, सगळ्यांची एकच पंगत बसली. वनाची पुरी, श्रीखंड पोरांच्या थाळ्यांत गेलं आणि आम्ही वरण-बट्टी ओरपली. अशी बट्टी मी नंतर कधी खाल्ली नाही. शेवटचं पान उठेपर्यंत बिजलीबाई वाढत होत्या. त्यानंतर त्या जेवल्या आणि मग मंचावर जाऊन बसल्या.

मानपत्र मलाच वाचायचं होतं. पहिलं पान कसंबसं पार पडलं. 'ज्यांच्या एका चुलीवर' इथवर आलो आणि अडकलो. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून प्रमिलेचा आवाज आला, "वाचा की, किती जणांची ते! घरी तर पाठ होतं!" रुपचंदशेठसुद्धा पोट धरून हसले. तरी खुर्ची त्यांनी दिली नाहीच. मला भोजन समितीवर घेतलं, ते कायमचं.

ट्रकमध्ये चढायच्या आधी बिजलीबाईंनी माझा हात हातात घेतला आणि होळीचं नेवतं दिलं. आता मी शहाणा झालो होतो. मी आधी विचारलं, की एकट्याला की चूलबंद? त्या म्हणाल्या, "चूलबंद."

होळीला आम्ही गेलो. राजदूतवर टाकीवर धाकटी, मागे प्रमिला, मधे थोरली. मी मुद्दाम तोच सफारी घातला होता. वस्तीवर ढोल वाजत होते. आंब्याखाली पत्रावळींची ही लांब रांग मांडून ठेवलेली. चुलीच्या चारही तोंडांवर पातेली चढलेली. बिजलीबाई पुढे आल्या, पोरींच्या गालांवरून हात फिरवला आणि आमच्या मागे रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बाकीचे?

मी विचारलं, कोण बाकीचे? तर त्या दिवशी एका पंगतीला बसलेले सगळे. डाळवाले शेठ, जाड आचारी, लसूण सोलणारे साहेब. सगळ्यांसाठी त्यांनी रांधलं होतं. मी म्हटलं, अक्का, तुम्ही चूलबंद म्हणालात, आमच्या चुलीवर आम्ही चौघंच जेवतो.

त्यांनी आम्हाला एकदा मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. मग ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावून विचारावं तशा मायेने त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमनी चूल इतलीच शे?"

मान खाली घालून मी पत्रावळीवर बसलो, आणि बाईंनी आधी रुपचंदशेठच्या वाटची लापशी माझ्या पानात वाढली, मग वनाच्या वाटची, मग प्रांतपालांच्या वाटची. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? संध्याकाळी राजदूतला किक मारताना सफारीचं पोटावरचं बटण तुटलं आणि धुळीत जाऊन पडलं. मी शोधायला वाकलो तर प्रमिला म्हणाली, "राहू द्या हो. अध्यक्षांचंच होतं ना ते?"