वाणी माट्साब आणि मागचं चाक

आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या कुठल्याही मोटारसायकलच्या टायरकडे वाकून पाहा, तिथे खडूने मार्क लिहिलेले दिसतील. दहापैकी चार. दहापैकी साडेपाच. हे मार्क वाणी माट्साब देतात, गाडीच्या मालकाला न विचारता. सातच्या वर अजून कुणी गेलेलं नाही.

माट्साबांनी मराठी शाळेत चौतीस वर्षं भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावर तपासायला वर्तुळं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी चाकं धरली. नवा टायर रिमवर बसवला की त्याच्या काठालगत एक बारीक रेषा दिसते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या जागी ती आत गेली, तर टायर नीट बसलेला नाही, गाडी उड्या मारत चालणार. माट्साब खिशातून सहा इंची पट्टी काढून हे अंतर आठ ठिकाणी मोजतात. "रेषा खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांबद्दल ते काही म्हणत नाहीत, पण म्हणायचं राहिलेलं चेहऱ्यावर असतं.

टायरवाल्यांनी त्यांचा धसका घेतलेला आहे. केळीचे ट्रक जातात त्या इच्छापूर रोडवरचा सलीमभाई तर त्यांची छत्री लांबून दिसली की चहाला निघून जातो. एकदा मात्र सापडला. टायरवर छापलेला बाण चाक फिरतं त्याच दिशेला का हवा, हे माट्साबांनी त्याला पाऊण तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, "माट्साब, केले के ट्रक पलटी होते हैं, उनको कोई नहीं पूछता. मेरे ही पीछे क्यों पड़े हो?" माट्साबांनी त्याला तीन मार्क दिले आणि उलट बोलल्याबद्दल अर्धा कापला.

मी या माणसापासून लांबच राहत आलो. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, गप्प राहण्याची सवय अंगात मुरलेली. त्यात गेल्या वर्षी सुमन, माझी बायको, काविळीने गेली. दवाखान्यात ती स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. तेव्हापासून घरातून कुणी बाहेर पडलं की ते परत येईल असं मला वाटत नाही. कुणी म्हणजे एकटी गौरी, माझी मुलगी. तिला असीरगडच्या पायथ्याशी शाळेत नोकरी लागली. दोन आठवडे तिने बसने काढले आणि मग जाहीर केलं की माझ्या जुन्या मोटारसायकलने जाणार. वीसेक किलोमीटर, पुढे वळणं, आणि सगळ्या रस्त्यावर ट्रक. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "पप्पा, बसने गेले की रोज पहिला तास बुडतो. पोरं कुणाकडे बघत बसणार?"

गाडीचे टायर तडकून गेले होते. मी पहिल्यांदाच आपण होऊन माट्साबांचं दार वाजवलं. ते एकटेच राहतात. माझं काम ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. नऊ वर्षांचा शेजार, आणि त्या दारात मी आजवर उभा राहिलो नव्हतो.

रविवारी सकाळी नऊला आम्ही सलीमभाईच्या दुकानी गेलो ते दुपारी तीनला सुटलो. टायरचा काठ साबणाच्या पाण्याने भिजवून घेतला. टायर चढवायच्या लोखंडी पट्टीचा ओरखडा रिमला लागू नये म्हणून माट्साबांनी मध्ये स्वतःचा रुमाल धरला. ट्यूब कुठे चिमटायला नको म्हणून हवा दोनदा भरून दोनदा सोडायला लावली. मागचं चाक तीनदा खोललं. "इतनी देर में तो दुल्हन तैयार हो जाती है," सलीमभाई म्हणाला. चाकाच्या नटातून आरपार जाणारी एक छोटी पिन असते. ती असली की नट सैल होऊन गळून पडत नाही. ती मातीत हरवू नये म्हणून माट्साबांनी आपल्याजवळ ठेवून घेतली, कारण त्या दुकानात एकही वस्तू जागेवर सापडत नाही असं त्यांचं मत होतं. शेवटी साडेसहा मार्क पडले. सलीमभाईने हात जोडले.

सोमवारी गौरी निघून गेली. मी वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलो होतो. अर्ध्या तासाने माट्साब आले. एका हातात पक्कड, पायात चप्पल नाही. त्यांनी दुसरी मूठ उघडली. तळहातावर पिन होती.

"शर्ट धुवायला काढला, तर पडली," ते म्हणाले. "नट नुसता आवळलेला आहे."

मी गौरीला फोन लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे मीच तिला बजावलं होतं, आणि तिने नेमकं ऐकलं होतं. आम्ही रिक्षा केली. रस्ताभर माट्साब उजव्या कडेला बघत होते, मी डाव्या. काय शोधतो आहोत ते दोघांनाही ठाऊक होतं. निंबोल्याच्या पुढे गर्दी दिसली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. एक ट्रक बंद पडला होता, बाकी काही नव्हतं. मनगट त्यांनी शाळा येईपर्यंत सोडलं नाही.

गाडी शाळेच्या आवारात उभी होती. नट जागेवर होता. माट्साब धुळीत गुडघे टेकून बसले, पण पिन काही केल्या भोकात जाईना. गौरी वर्गातून बाहेर आली. "काका, आता काय राहिलं?"

माट्साब उठले नाहीत. खालूनच म्हणाले, "चूक माझी आहे बेटा. सलीमची नाही. पिन माझ्या खिशात राहिली."

गौरीने पिन घेतली, बसवली, पक्कडीने तिची टोकं वाकवली आणि हसली. "होता है, काका. परवा मी हजेरीत माझंच नाव लिहिलं." आत पोरांचा गलका वाढला होता, म्हणून ती लगेच वर्गात गेली.

परतताना किल्ला मागे पडला. मग माट्साबांनी राजूबद्दल सांगितलं. राजू त्यांचा मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना त्याने बापाच्या गाडीला नवा टायर आणला, आणि बापाला खूश करायचं म्हणून स्वतःच्या हाताने बसवला. बाण उलटा झाला. माट्साबांनी सगळ्या गल्लीसमोर त्याच्याकडून तो तीनदा काढून तीनदा बसवून घेतला. पुढे तो सुरतला गेला. आई होती तोवर त्याचा फोन यायचा, आईसाठी.

"गौरी फक्त हसली," माट्साब म्हणाले. मग म्हणाले, "इतकंच करायचं असतं होय."

त्यांनी फोन काढून माझ्या हातात दिला. आकडे नीट दिसत नव्हते त्यांना. मी राजूचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. कामावर असेल, असं मी म्हणालो. असेल, ते म्हणाले.

गल्लीजवळच्या शनवारा चौकात रिक्षा थांबली. आम्ही दोघेही बसून राहिलो. दोघांच्याही घरी त्या वेळी कुणी नव्हतं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "बाबूजी, उतरना नहीं है क्या?"

"अजून एकदा लावा," माट्साब मला म्हणाले.