दोनशे फूट तारेला चार डझन बांगड्या

लग्नाचं वय उलटून वीस वर्षं झालेल्या ब्रह्मचारी माणसानं वाईच्या बाजारात चार डझन हिरव्या बांगड्या घेतल्या, तर गाव काय म्हणेल? आमच्या गावानं काही म्हटलं नाही. थेट लग्नाची तारीख विचारली.

माणूस म्हणजे आमच्या शेजारचे तात्या. मिलिटरीत सिग्नलला हवालदार. बांगलादेशची लढाई संपली आणि पेन्शनीत आले. बोलणं सगळं वायरलेसवरचं. जेवायला बसले तरी, "दोन भाकरी, एक कांदा. मेसेज समजा?" समोरचा "समजा" म्हणेपर्यंत पुढचं वाक्य नाही. मी त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायचो की त्यांची म्हैस माझ्या हाकेला पान्हवायची.

बांगड्या घेताना मी बरोबर होतो, म्हणून खरं ते सांगतो.

"माप?" कासारानं विचारलं.

"दोनशे फूट."

"आवं, हाताचं माप!"

"हात न्हाई. ताण लय हाय, तेवढा सोसला पायजे."

कासार बिचकला. "तात्या, बाई हाय का बैलजोडी?"

ती होती तार. तात्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातनं एक मिलिटरी सेट आणला होता. नुसता ऐकायचा, बोलायच्या सेटला लायसन लागतं. लांबचं ऐकायचं तर तार लांब पाहिजे. तात्यांचं घर डोंगराच्या सोंडेवर, पुढं खोल घळ, पलीकडं कडा आणि कड्यावर एकटा उंबर. घरापासून उंबरापर्यंत तार अधांतरी न्यायची. दोन्ही टोकांना तार आणि बांधायची दोरी यांच्या मधे काच हवी, नाहीतर आलेला आवाज झाडातनं जमिनीत मुरतो म्हणे. त्यासाठीची चिनी मातीची बोंडं वाईत मिळेनात. म्हणून बांगड्या, डझनाचा एकेक जुडगा.

आता तार घळीपलीकडं जाणार कशी? तात्यांनी तीन दिवस कागदावर नकाशे काढले. चौथ्या दिवशी जोंधळ्यावरची पाखरं हाकणारी हौसाक्का आली. "कागूद ठिवा तिकडं," म्हणाली. गोफणीत धोंडा, धोंड्याला सुतळी, सुतळीला तार. पहिला धोंडा घळीत गेला. दुसरा उंबराच्या फांदीवरनं पार पलीकडं.

"मेसेज समजा?" तिनं तात्यांनाच विचारलं.

"समजा," तात्या म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

वारा सुटला की बांगड्या फुटायच्या. तात्या परत वाईला. तिसऱ्या खेपेला कासार हळूच म्हणाला, "आवं, वैनींला जरा जपून वागवा."

हा सगळा खटाटोप कुट्टीसाठी. कुट्टी केरळचा, बारा वर्षं तात्यांच्या तंबूतला. निरोप घेताना म्हणाला होता, "मी गावाला लायसन काढतो. दर रविवारी सकाळी नऊला तुला मोर्सच्या टिकटिकीत हाक मारीन. तू नुसता ऐक." अलीकडं वर्षभर त्याचं पत्र नव्हतं. तात्यांनी टाकलेल्या दोन कार्डांना उत्तर नव्हतं.

रविवारी तात्या दाढी करून, इस्त्रीची पँट घालून, वही-पेन्सिल घेऊन सेटपुढं बसायचे. चीन बोलायचा, रशिया बोलायचा, कुठली तरी बाई खोकायची. कुट्टी नाही. "अशी यील बघ त्याची हाक," म्हणत तात्या पेल्यावर बोटानं वाजवून दाखवायचे. महिनाभरात मला ती पाठ झाली. आणि मला काही पाठ झालं की माझी जीभ गप्प बसत नाही.

एका रविवारी नवाच्या ठोक्याला मी खिडकीखाली दबकून बसलो आणि शिट्टीनं कुट्टीची हाक वाजवली. आखूड, लांब, आखूड, अगदी पेल्यावरची. म्हटलं, आता तात्या नाचत बाहेर येणार, आणि मग पुढं महिनाभर आमची करमणूक.

आत काहीच हललं नाही. मी मान वर काढली. तात्या पाठमोरे, ताठ बसलेले.

"तुजी लांब शिट्टी आखूड पडती रं," ते वळून न बघता म्हणाले. "कुट्टीचा हात लय सैल. शेवटाला जरा रेंगाळतो. हजारात वळखीन मी."

आता पायताण येणार म्हणून मी मान खाली घातली. पायताण आलं नाही. सेटची खरखर तेवढी बंद झाली.

"आत ये."

गेलो. तात्यांनी वही सरळ केली, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं.

"वाजव गड्या परत," ते म्हणाले. "शेवटाला जरा रेंगाळ."