पोथीचे मालक आणि आमचं पातेलं

माझा नवरा निरंजन कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती पालथी करतो आणि विचारतो, "हे आधी कोणाचं होतं?"

एकदा आम्ही इथल्या सेरंगून भागात एका चिनी अंकलकडे वापरलेली खुर्ची घ्यायला गेलो. खुर्ची झकास होती. निरंजनने ती पालथी घातली, चारही पायांचे तळ तपासले आणि उलटतपासणी सुरू केली. अंकल म्हणाले, खुर्ची त्यांच्या मेहुणीची. "अँड बिफोर हर?" अंकलनी आधी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बिफोर हर, शॉप लाह! यू बायिंग चेअर ऑर मॅरीइंग चेअर?" मी मुकाट्याने लिफ्टचं बटण दाबायला गेले.

पण हा त्याचा धंदाच आहे. इथल्या युनिव्हर्सिटीत तो युरोपातल्या एका हजारेक वर्षांपूर्वीच्या पोथीवर संशोधन करतो. एक पोथी म्हणायची, पण आहेत दोन. एक औषधी झाडपाल्याची, दुसरी सणावारांची. वेगवेगळ्या मठांत, वेगवेगळ्या हातांनी वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या, आणि पुढे कोणीतरी एकाच बांधणीत शिवून टाकलेल्या. कोणी शिवल्या, कधी शिवल्या, आणि त्यानंतर ती कोणाकोणाच्या घरी नांदली, हे शोधायचं काम निरंजनकडे. त्याने तिला अजून प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, तो तिचे फोटो मोठे करकरून बघत बसतो. मी ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकले आहे.

स्पष्टच सांगते, मी त्या पोथीवर जळते. सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं.

निरंजन मात्र माझ्याहून जास्त जळतो, आणि तोही तिच्या जुन्या मालकांवर. कुणा मठाधिपतीने तिच्या कडा छाटल्या. "कपाटात मावेना म्हणून कापली! अरे, कपाट बदल ना!" हे तो वरण ढवळता ढवळता, कालच घडल्यासारखं बोलतो. कुणा सरदाराने पहिल्याच पानावर भलंमोठं नाव ठोकलं. त्याचा विषय निघाला की निरंजनला जेवण गोड लागत नाही. सगळ्या इतिहासात त्याचा लोभ फक्त एका किड्यावर आहे. पहिल्या पोथीच्या शेवटच्या पानाला त्या किड्याने पाडलेलं भोक दुसरीच्या पहिल्या पानात नेमकं त्याच जागी पुढे जातं. म्हणजे किडा आला तेव्हा दोघी एकत्र होत्या. "माणसं नावं घालतात, नावं खोडतात," निरंजन म्हणतो, "किडा खोटं बोलत नाही."

आता माझं सांगते. निरंजनच्या आधी माझं एक लग्न झालं होतं. हे मी त्याला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. तो "बरं" म्हणाला आणि दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आला. त्यानंतर आजतागायत एक प्रश्न नाही. सुरुवातीला मला वाटलं, किती समंजस माणूस! मग ही पोथी आली, आणि कळलं की ह्याला साऱ्या जगाच्या भूतकाळात रस आहे, फक्त माझ्या नाही.

त्या लग्नातलं एक जाड बुडाचं पातेलं माझ्याकडे राहिलंय. आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर नावं घालतात, तशी त्यावर आमची दोघांची नावं आहेत. मी ते मुद्दाम नावं पुढे करून ओट्यावर ठेवते. निरंजन त्यात वरण करतो, घासतो, आणि नावं भिंतीकडे करून ठेवतो. मी पुन्हा फिरवते. तो पुन्हा फिरवतो. तोंडाने मात्र आम्ही दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

परवाच्या रविवारी शेजारच्या सेंगकांगहून केतकी जेवायला आली. ती माझ्या ऑफिसात नवीन आहे. निरंजन रंगात आला होता. किड्याची कथा साग्रसंगीत झाली. केतकीने विचारलं, "मग आता शोधायचं काय राहिलं?"

"मधली साठ-सत्तर वर्षं कोरी आहेत गं," निरंजन कळवळून म्हणाला. "तेव्हा ती कोणाकडे होती, कळतच नाही. झोप लागत नाही मला."

केतकी वरण वाढून घेत होती. तिची नजर पातेल्यावर गेली. "सुमेधा, पराग..." तिने वाचलं. "अगं, हा पराग कोण?"

"लोणचं घे ना," निरंजन म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कातड्यावरच्या भोकाचा ठावठिकाणा काढतोस!" मी ओरडलेच. "माझीही मधली वर्षं कोरी आहेत की! त्यांनी तुझी झोप का नाही उडत?"

केतकीला एकाएकी एलआरटीची गाडी पकडायची आठवण झाली.

ती गेल्यावर निरंजन भांडी घासायला लागला. मी जवळच फुरंगटून उभी होते. तो नळाकडे बघतच म्हणाला, "त्या सगळ्यांना मी खुशाल शिव्या घालतो, कारण ते मेलेत. हा जिवंत आहे. मी विचारलं, आणि तो चांगला माणूस निघाला तर?"

"तर काय?"

"चांगला असूनही तुझं त्याच्याशी जमलं नाही, तर माझं काय होणार?"

म्हणजे हा जळत होता! इतकी वर्षं, गुपचूप, माझ्यासाठी! सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंदच झाला.

मग मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं. पराग वाईट नव्हता. आम्ही एका घरात राहत होतो आणि दोघंही एकेकटे होतो. एक दिवस मी बॅग भरली आणि निघाले. एरवी मला एक वाक्य पुरं करू न देणारा निरंजन नळ बंद करून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"निघालीस तेव्हा बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. रिक्षा केली. बॅग रिक्षावाल्यानेच उचलून ठेवली."

मग साबणाच्याच हाताने त्याने माझं मनगट धरलं.

"मी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"अरे, तेव्हा तू मला ओळखतही नव्हतास."

"तरी."